आरसा काढून टाकल्यावर

तीन महिने झाले, मी काचेच्या हिशेबात आहे.
जकार्डच्या आलेखावर चौकोन भरता भरता
कोपऱ्यात लिहून जातो: पस्तीस, एक पूर्णांक आठ.
मालक विचारतात, "कारमपुरी, हा कुठल्या सुताचा नंबर?"
मी खोडरबर शोधतो.
मागच्या महिन्यात एक चौकोन चुकला,
चाळीस डझन टॉवेल किनारीत एक दात घेऊन
तिरुपूरला गेले. कुणाला कळलं नाही.
मला कळलं.

रात्री छतावर, गादी अजून तापलेली,
मोबाइलच्या उजेडात तक्ते:
हिचा सेन्सर मोठा, तिची बॅटरी दिवसभर,
हिला हाताची थरथर आतून सावरता येते,
तिच्यात दोन कार्डं.
मोठी बॉडी घ्यावी तर पुढे लावायला काच उरत नाही,
काच घ्यावी तर मागे काय, खोकं?

पद्मजा शेंगा भाजताना म्हणाली,
"जुन्यात आरसा होता ना?"
होता.
"आणि नव्यात?"
काढून टाकलाय.
"मग स्वस्त हवा की."
उलथन्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

नवी पेठेत हत्तुरेंनी रबराच्या चटईवर ती ठेवली,
नवजात मूल वजनकाट्यावर ठेवावं तशी.
डोळ्याला लावली. आत छोटा टीव्ही.
बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन,
आत तेच ऊन, पण मोजून, निवळून, ताटात वाढलेलं.
"जे दिसतंय तेच येणार," हत्तुरे म्हणाले.
मला उगाच वाईट वाटलं.
एकवीस वर्षं
दिसलं एक आणि आलं भलतंच,
त्या फटीतच तर माझा सगळा छंद.

अनामत ठेवून दोन दिवसांसाठी दिली, भाड्याच्या लांब लेन्ससकट.
हिप्परग्याला पाणी खूप मागे गेलेलं,
चिखलात शेकाट्या, गुलाबी काड्यांवर उभ्या.
कॅमेऱ्याने एकेकीचा डोळा हिरव्या चौकटीत धरला,
सेकंदाला वीस.
घरी येऊन बाराशे फोटो पाहिले.
सगळे चांगले.
माझा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये.
आवाज न करणारं शटर लावलं, हसूच आलं,
त्या खटखटाटात ऐकणार कोण होतं?
ट्यूबलाइटचे पट्टे उमटले फोटोभर,
सरळ धावणारा धोटा तिरका झाला.
गुंडेटीमामा म्हणाले, "असा धोटा असता
तर मी त्या मुकादमाला दाखवलाच असता."

मग पिशवीतून रुमालात बांधलेलं काढलं:
पन्नासची जुनी लेन्स, धातूची, जड,
गड्ड्याच्या यात्रेत फोटो काढायचे तेव्हाची.
काठाला बुरशी, कोळ्याने घर करावं तशी.
"बॉडी म्हणजे कांडी, बाबा. सरली की दुसरी भरायची.
काच म्हणजे धोटा."

शेवटी वापरलेली, लहान सेन्सरची घेतली,
पुण्याहून, कुरिअरने, कोपऱ्यावर चरा.
अडॅप्टर एकोणीसशेला.
हत्तुरेंनी पडदा मोठा करून पाहिलं,
"डावा कोपरा गेलाय, साहेब."
असू दे म्हटलं. शेडमध्ये पिंज उडते तेव्हा
आमचा डावा कोपरा नेहमीच गेलेला असतो.
(तरी रात्री पंच्याऐंशीचे भाव बघतो. खोटं कशाला बोलू.)

रविवारी माग बंद होते.
मामांच्या हातात कॅमेरा दिला.
"हे लाल लाल काय रं?"
जिथे नजर बसते, तिथली कड लाल होते, मामा.
मोतीबिंदूचा डोळा लावून
ते सावकाश कडं फिरवत राहिले.
लाल रेघ ताण्यावरून गेली असेल,
फणीवरून, भिंतीवरच्या बंद घड्याळावरून.
मग हात थांबला, माझ्याकडे तोंड करून.

बटण कुठलं, ते त्यांना सांगितलंच नव्हतं.
मी तसाच उभा राहिलो.